हेन्री टेलरची नोंद जुळवताना

मँचेस्टरच्या ईशान्येला ऑल्डम हे सूतगिरण्यांचं गाव. तिथल्या हेन्री टेलरने १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पोहण्यात तीन सुवर्णपदकं जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं मिळवणारा पुढचा ब्रिटिश खेळाडू यायला २००८ उजाडलं; तो सायकलपटू ख्रिस हॉय. एवढं माहीत असतं, बहुतेक लेख इथे सुरू होतात आणि इथेच संपतात. गिरणीतलं पोरकं पोर, कालव्यात पोहणं, तीन पदकं, मग हलाखी. चित्र खोटं नाही, पण माणूस ६५ वर्षं जगला आणि तो जुलै १९०८मध्ये संपला नाही. मराठीत त्याचं नीट चरित्र करायला घेतलं तेव्हा काय क्रमाने काम केलं, कुठे अडकलो आणि का अडकलो, ते इथे लिहीत आहोत. जुन्या काळच्या कुठल्याही स्थानिक खेळाडूसाठी हीच वाट धरावी लागते.

पहिलं काम कागदावरचं. टेलरबद्दल सांगितलं जाणारं प्रत्येक विधान वेगळ्या ओळीत लिहायचं आणि समोर तीन रकाने आखायचे: हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि कुठल्या कागदाने तपासता येईल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर विधान खोटं ठरत नाही, पण मजकुरात ते 'असं सांगतात' या शब्दांतच येतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो ऑल्डममधल्या हॉलिनवुडच्या कालव्यात पोहायचा, ही त्यातलीच एक ओळ. ही आठवण पिढ्यानपिढ्या सांगितली गेलेली आहे. तिची पावती मिळत नसते आणि मागूही नये.

मग जन्म. तारीख १७ मार्च १८८५, ठिकाण हॉलिनवुड. इंग्लंडमधली जन्मनोंदींची सूची तिमाहीनुसार लावलेली आहे, आणि ती तिमाही नोंद झाल्याची असते, जन्माची नव्हे. शोधणारे हमखास इथे चुकतात. नोंदीला ४२ दिवसांची मुदत असायची. १७ मार्चला जन्मलेल्या मुलाची नोंद २८ एप्रिलपर्यंत होऊ शकत होती, म्हणजे मार्चच्या तिमाहीत नाव दिसलं नाही तर जूनची तिमाही उघडायलाच हवी. नोंदणीचा जिल्हा ऑल्डम, खंड ८ड. आता 'हेन्री टेलर' हे नाव ऑल्डममध्ये शोधणं म्हणजे कोल्हापुरात 'पाटील' शोधणं. छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव सप्टेंबर १९११च्या तिमाहीपासून येतं, त्याआधी फक्त नाव, जिल्हा, खंड आणि पान. नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत मात्र ते १८३७पासून भरलेलं आहे, म्हणून शोध तिथेच घ्यावा. दोन-तीन हेन्री टेलर समोर आले तर अंदाजाने एक उचलू नये. दाखल्याची प्रत मागवावी, तिच्यावर जन्माची तारीख, घराचा पत्ता आणि वडिलांचा व्यवसाय असतो.

जनगणनेच्या बाबतीत टेलरचा वाढदिवस सोयीचा आहे. १८९१ची गणना ५ एप्रिलला झाली, १९०१ची ३१ मार्चला, १९११ची २ एप्रिलला. तीनही वेळी वाढदिवस नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे वय अनुक्रमे ६, १६ आणि २६च असायला हवं. १९२१ची गणना १९ जूनला झाली आणि तिच्यात वय वर्षं-महिन्यांत विचारलं होतं. म्हणजे ३६ वर्षं ३ महिने. वर्षभराचा फरक आला तर माणूस वेगळा असू शकतो किंवा लिहिणाऱ्याची चूक असू शकते, आणि दोन्ही शक्यता मनात ठेवूनच पुढचे रकाने वाचायचे. १८९१ आणि १९०१चे मूळ फॉर्म आज उपलब्ध नाहीत, आहेत ती गणना करणाऱ्यांनी उतरवून काढलेली पुस्तकं. उतरवताना ५चा ६ व्हायला वेळ लागत नाही. १९११पासून कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला कागद मिळतो.

इथे आणखी एक खोच आहे. आईवडील गेल्यावर टेलरला मोठ्या भावाने, विल्यमने, वाढवलं. अशा घरात कुटुंबप्रमुखाशी नातं 'मुलगा' असं नसतं, 'भाऊ' असं असतं. शोधाच्या खिडकीत वडिलांचं नाव घालून बसलं की हे घर कधीच सापडत नाही. १९२१च्या कागदावर मालकाचं, म्हणजे ज्या गिरणीत किंवा दुकानात माणूस कामाला आहे तिचं नावही लिहायचं होतं, म्हणून कामगार खेळाडूंसाठी ही गणना सगळ्यांत मोलाची. १९३१चे कागद १९४२च्या आगीत जळाले, १९४१ची गणना झालीच नाही. मधली पोकळी १९३९च्या नोंदवहीने भरते. ती २९ सप्टेंबर १९३९ला केली आणि तिच्यात वयाऐवजी पूर्ण जन्मतारीख आहे, सोबत व्यवसाय. एवढी एक ओळ नेमकी सापडली तर आधीच्या चारही गणना तिच्याशी ताडून पाहता येतात.

आता शर्यती. सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला आणि तो सार्थकी लागला असं आम्हाला वाटतं, कारण टेलर काय दर्जाचा पोहणारा होता हे विशेषणांनी कळत नाही, आकड्यांनी कळतं.

लंडनचे तीन निकाल असे: ४०० मीटर फ्रीस्टाईल ५ मिनिटं ३६.८ सेकंद, १५०० मीटर २२ मिनिटं ४८.४ सेकंद, आणि ४ × २०० मीटर रिले १० मिनिटं ५५.६ सेकंद. शेवटचे अंक पाहा: ८, ४, ६. सम अंकच का? तेव्हाच्या हाताने दाबायच्या स्टॉपवॉचचा काटा सेकंदाला पाच ठोके घेत असे, म्हणून वेळ सेकंदाच्या पाचव्या भागातच मोजली जाई. दशांशात ती .०, .२, .४, .६ किंवा .८ एवढीच येऊ शकते. कुठे ५:३६.५ किंवा २२:४८.३ छापलेलं दिसलं तर ती नक्कल करणाऱ्याची चूक, दुसरं पुस्तक उघडायचीही गरज नाही.

त्या काळच्या वर्तमानपत्रांत हेच '५ मि. ३६ ४/५ से.' असं छापलेलं असतं. यंत्राने वाचलेल्या मजकुरात त्या अपूर्णांकाचे धिंडवडे निघतात: '३६४-५', '३६ ४.५', कधी '३६.४५'. शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण तो खरा वाटतो. ४/५ म्हणजे .८, .४५ नव्हे. म्हणून वेळ कधीही शोधयंत्राच्या मजकुरातून उचलायची नाही, पानाचं चित्र मोठं करून डोळ्यांनी वाचायची. लंडन ऑलिंपिकचा अधिकृत अहवाल थिओडोर कुकने संपादित केला आणि तो १९०९मध्ये निघाला. ताडून पाहायला तो हाताशी ठेवावा.

वेळ मिळाली म्हणजे ती कशाशीही तोलता येते असं नाही. पाणी कुठलं होतं ते आधी पाहायचं. १८९६ला समुद्र, १९००ला सीन नदी, १९०४ला तळं, आणि १९०८ला पहिल्यांदा बांधलेला हौद, तोही व्हाइट सिटी स्टेडियमच्या आत, धावपट्टीच्या मधल्या मैदानात. त्याची लांबी १०० मीटर. आजच्या ऑलिंपिक तलावाच्या दुप्पट.

नदीचा हिशेब करून बघा. लेस्टरच्या जॉन आर्थर जार्विसने १९००मध्ये सीनमध्ये १००० मीटर १३:४०.२मध्ये पार केले. म्हणजे दर १०० मीटरला ८२ सेकंद. टेलरची ४०० मीटरची जागतिक विक्रमी वेळ दर १०० मीटरला ८४.२ सेकंद पडते. अडीचपट अंतर पोहूनही जार्विस जास्त वेगवान? तो थोर पोहणारा होता, पण इथे सीनचा प्रवाह त्याच्या पाठीशी होता. हे न सांगता दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर टेलरवर अन्याय होतो.

समुद्राचं उलट. १९०६मध्ये अथेन्सला टेलरने एक मैलाची शर्यत २८:२८.०मध्ये जिंकली, खुल्या समुद्रात. मैल म्हणजे १६०९ मीटर, दर १०० मीटरला १०६ सेकंद. लंडनच्या १५०० मीटरमध्ये तोच आकडा ९१.२वर येतो. दोन वर्षांत माणूस सुधारला हे खरंच, पण दर १०० मीटरला १५ सेकंदांची सगळी सुधारणा त्याच्या हातापायांची नाही. लाटा आणि सरळ रेषा न सापडणं यांचा वाटा मोठा.

१०० मीटरच्या हौदाचेही परिणाम असतात. १५०० मीटर म्हणजे १५ लांब्या आणि १४ वळणं. विषम संख्या असल्याने शर्यत सुरू झाली त्याच्या समोरच्या टोकाला संपते. २५ यार्डांच्या आंघोळ-तलावात हेच अंतर पोहायला ६५ वळणं घ्यावी लागतात, आणि प्रत्येक वळणावर भिंतीला पाय लावून मिळणारी ढकल पोहणाऱ्याला विसावा देते. लंडनला ती जवळजवळ नव्हती. म्हणून क्लबातल्या छोट्या तलावातली वेळ आणि व्हाइट सिटीची वेळ एका तक्त्यात घालताना तलावाच्या लांबीचा वेगळा रकाना लागतोच.

यार्ड आणि मीटर यांची गल्लत तर पावलोपावली. इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धा यार्डांत होत: ४४० यार्ड, ५०० यार्ड, अर्धा मैल, मैल. ४४० यार्ड म्हणजे ४०२.३ मीटर. फरक सव्वादोन मीटरचा, पण टेलरच्या वेगाने तो जवळपास दोन सेकंद होतो. ४०० मीटरच्या विक्रमांच्या यादीत ४४० यार्डांची वेळ घुसली की यादी बिघडलीच.

फरकही मीटरमध्ये काढून पाहावेत, शर्यत डोळ्यांपुढे उभी राहते. १५०० मीटरमध्ये दुसरा आलेला सिडनी बॅटर्सबी २२:५१.२, म्हणजे २.८ सेकंद मागे. दीड किलोमीटर पोहून दोघांत सुमारे ३ मीटर. तिसरा फ्रँक बोरपेअर २२:५६.२. तो ऑस्ट्रेलियाचा, पण त्या वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा संघ 'ऑस्ट्रलेशिया' या एकाच नावाने उतरला होता, त्यामुळे देशाच्या रकान्यात ऑस्ट्रेलिया शोधणाऱ्याला तो सापडत नाही. ४०० मीटरमध्ये बोरपेअर दुसरा, ५:४४.२, तिथे टेलर साडेआठ मीटर पुढे होता. आणि १९०६च्या ४०० मीटरमध्ये ऑस्ट्रियाचा ओटो शेफ ६:२३.८, टेलर ६:२४.४. घड्याळाचे तीन ठोके. पाण्यात जेमतेम दोन फूट. त्या दोन फुटांनी सुवर्णाचं रौप्य झालं.

रिलेत ब्रिटनचा क्रम डर्बीशर, रॅडमिलोविक, फॉस्टर आणि शेवटी टेलर. हंगेरीच्या शेवटच्या टप्प्यावर झोल्टान हालमाय होता आणि आघाडी हंगेरीची होती. शेवटी शेवटी हालमायची दिशा भरकटली, टेलरने त्याला गाठून मागे टाकलं. हंगेरीची वेळ १०:५९.०, फरक ३.४ सेकंद. एकूण वेळेला चारने भागून येणारे २ मिनिटं ४३.९ सेकंद हे टेलरचे २०० मीटर म्हणून काही ठिकाणी लिहिलेले दिसतात. ती चौघांची सरासरी आहे. शेवटचा गडी मागून येऊन जिंकतो तेव्हा सरासरी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

विक्रमांबद्दल एक बारीक गोष्ट. जागतिक जलतरण महासंघाची स्थापना लंडनमध्ये १९ जुलै १९०८ला झाली, ऑलिंपिक चालू असतानाच. टेलरची ४०० मीटरची अंतिम फेरी १६ जुलैची, म्हणजे संघटना जन्मायच्या तीन दिवस आधीची. तरी तिच्या विक्रमयादीत ४०० मीटरचा पहिला विक्रम तोच आहे. १५०० मीटरचाही पहिला विक्रम त्याचाच, २५ जुलैचा, आणि तो १९१२मध्ये कॅनडाच्या जॉर्ज हॉजसनने २२:००.० पोहेपर्यंत टिकला. तारखा बघून 'संघटनेआधीचा विक्रम कसा मान्य झाला' म्हणून कुणी ओळ खोडू नये.

पदकांची बेरीज करताना १९०६ वेगळं ठेवायचं. अथेन्सच्या त्या स्पर्धांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती अधिकृत ऑलिंपिक मानत नाही. तिथे टेलरला एक सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. अधिकृत ऑलिंपिकमध्ये ३ सुवर्ण आणि २ कांस्य. म्हणून कुठे ५ पदकं लिहिलेली असतात, कुठे ८. दोन्ही बरोबर, फक्त कशाची बेरीज ते सांगितलं पाहिजे.

ती दोन कांस्यपदकं बहुतेक लेखांत एका शब्दात उरकतात, आणि आमच्या मते टेलर तिथेच खरा कळतो. १९१२ला स्टॉकहोममध्ये ब्रिटनच्या रिले संघाने १०:२८.२ वेळ दिली. लंडनच्या सुवर्णापेक्षा २७ सेकंदांनी सरस, तरी तिसरा क्रमांक. ऑस्ट्रलेशिया १०:११.६वर पोचला होता. चार वर्षांत पोहण्याची तऱ्हाच पुढे गेली होती. त्यानंतर महायुद्ध झालं, टेलर नौदलात होता. आणि १९२०ला अँटवर्पमध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, तो पुन्हा त्याच रिलेत उतरला: ॲनिसन, पीटर, सॅव्हेज आणि टेलर, १०:३७.२, कांस्य. १९०६च्या अथेन्सपासून १४ वर्षं.

अँटवर्पचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा पाहून दोराबजी टाटांनी ज्या मोजक्या खेळाडूंना ऑलिंपिकला धाडायचं ठरवलं, ते तिथेच उतरले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले, कुस्तीत शिंदे चौथे. ऑलिंपिकच्या इंग्रजी याद्यांत हे शिंदे 'शिंदेस' झालेले आहेत. यंत्राला 'शिंदे' दिलं की ते मिळत नाहीत. टेलरच्या कामात नाव फार साधं असल्याने माणूस हरवतो, आपल्याकडे नाव परक्या लिपीत गेल्याने. उपाय एकच: नावाने नव्हे, शर्यत आणि तारीख धरून शोधायचं, आणि नाव जसं छापलं तसं टिपून ठेवायचं.

वर्तमानपत्रांतही हीच युक्ती चालते. 'टेलर' हा शब्द शिंप्याच्या जाहिरातींनी भरलेली पानं काढून देतो. त्याऐवजी शर्यतीचं अंतर, आठवडा आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पोहणाऱ्याचं नाव द्यावं. बॅटर्सबी हे आडनाव त्या मानाने दुर्मिळ, ते सापडलं की शेजारी टेलर असतोच. पोहण्याच्या बातम्यांत नावापुढच्या कंसात क्लब असतो, राहण्याचं गाव नव्हे. 'एच. टेलर (चॅडर्टन)' वाचून जन्मगाव चॅडर्टन लिहून टाकलेलं आम्ही पाहिलं आहे.

भाषांतरात एक शब्द फार जपावा लागला. टेलर 'घाणेरड्या पाण्याच्या दिवशी' सराव करायचा असं इंग्रजीत येतं. मराठीत सरळ 'घाणेरड्या पाण्यात पोहायचा' केलं की वाचकाला कालवाच आठवतो. गोष्ट वेगळी आहे. पाणी गाळण्याची यंत्रं येण्याआधी सार्वजनिक तलाव ठरावीक दिवसांनी रिकामा करून पुन्हा भरत. ताजं पाणी असेल त्या दिवशी तिकीट महाग. दिवस जातील तसं पाणी गढूळ होई आणि तिकीट उतरे. रिकामा करायच्या आधीचा दिवस सर्वांत स्वस्त, तोच हा दिवस. गिरणीतल्या पगारात टेलरला परवडणारा तलाव तो. आम्ही 'पाणी बदलण्याआधीचा स्वस्त दिवस' असं लिहिलं, शब्द चार वाढले तरी.

नौदलासाठी क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात खलाशांच्या सेवानोंदी आहेत. ओळखीची खूण तिथेही नाव नाही, जन्मतारीख आणि जन्मगाव. भरती होताना तारीख पुढेमागे सांगणारे पुष्कळ असत, तेव्हा एक-दोन वर्षांचा फरक दिसला म्हणून नोंद बाजूला टाकू नये, आणि केवळ हॉलिनवुड जुळलं म्हणून स्वीकारूही नये.

उत्तरायुष्याचे कागद थोडे. डॉबक्रॉस गावातला 'नजर' (Nudger) नावाचा खाणावळ-दारूगुत्ता त्याने चालवायला घेतला, तो चालला नाही. करंडक हातचे गेले. पुढे तो चॅडर्टनच्या सार्वजनिक तलावावर देखरेखीला लागला. २८ फेब्रुवारी १९५१ला तो वारला, ६६वा वाढदिवस १७ दिवसांवर होता, म्हणून मृत्यूच्या सूचीत वय ६५ शोधायचं, तिमाही मार्चची. मृत्युपत्रांच्या वार्षिक यादीत नाव नसलं तर त्यातून एवढंच कळतं की मालमत्तेच्या वाटणीसाठी कोर्टाची मंजुरी काढली गेली नाही. मृत्यूची तारीख चुकली असं त्यातून ठरत नाही. आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिदालनात त्याचं नाव १९६९ला गेलं.

इंग्लंडच्या मृत्यूच्या दाखल्यात व्यवसायाचा रकाना असतो आणि तो माहिती देणाऱ्याने, बहुधा घरच्या माणसाने, सांगितलेला असतो. टेलरच्या चरित्राचा शेवट लिहिण्याआधी त्या दाखल्याची प्रत मागवून तो रकाना वाचावा, आणि तिथे जो शब्द असेल तोच, विशेषण न जोडता, शेवटच्या ओळीत उतरवावा.